बकासुराचा गाडा आणि वेत्रकीयगृहाचा राजा

(चंद्रपूर-गडचिरोली भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाभारताच्या आदिपर्वातील बकासुराची कथा महाराष्ट्रात शाळकरी वयापासून सर्वांना ठाऊक असते. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस हा त्या राक्षसाचा ठरलेला आहार. एकचक्रा नगरीतील घराघरांवर पाळीने येणारी ती वेळ. आणि अखेर भीमाने गाड्यावरचा भात स्वतःच फस्त करून बकासुराला लोळवणे, एवढे सर्वांच्या ध्यानात राहते. ध्यानात राहत नाही तो राजा. एकचक्रेला राजा होता. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरले होते तोच कुंतीला सांगतो की, या प्रदेशाचा राजा वेत्रकीयगृह नावाच्या ठिकाणी राहतो, त्याला राज्य कसे चालवावे हे कळत नाही आणि प्रजेच्या या संकटावर तो काहीही उपाय करीत नाही. एवढेच. त्या राजाला महाभारतकारांनी नावसुद्धा दिलेले नाही. त्याच घरात ब्राह्मणाचा एक बोबडे बोलणारा मुलगा आहे. आईबाप आणि बहीण आपापल्या मरणावरून वाद घालीत रडत असताना तो हातात गवताची काडी घेतो आणि हिनेच राक्षसाला मारतो म्हणतो. त्या प्रसंगी सारे घर रडता रडता हसते. राज्यातील एकमेव सशस्त्र प्रतिकार तो काय तो हा!

पोलंडमधील क्राकोव शहराच्या दंतकथेत मात्र राजा नावासकट हजर आहे. वावेल टेकडीखालच्या गुहेत एक भयंकर अजस्र सर्प राहू लागतो. राजा क्राक शूर सरदारांना पाचारण करतो. चकचकीत चिलखतांतले एकेक सरदार गुहेपुढे जातात आणि तेथेच संपतात. मग जोडे शिवणाऱ्याच्या हाताखालचा एक पोर मेंढीच्या कातड्यात गंधक भरून ते गुहेपुढे ठेवतो. सर्प ते गिळतो, पोटातली आग विझवायला व्हिस्तुला नदीचे पाणी पीत सुटतो आणि पोट फुटून मरतो. लोककथा राजाला हसते ती त्याच्या डामडौलामुळे. संकट गुहेत बसलेले असते आणि राजाचे सारे लक्ष चिलखताच्या चकाकीकडे लागलेले असते.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या माणसाला हे दोन्ही राजे अनोळखी वाटू नयेत. येथे संकट वाघाच्या रूपाने उभे आहे, आणि त्याच्या निवारणासाठी राज्यसंस्थेने गेल्या काही वर्षांत जे जे केले त्यात वेत्रकीयगृहाचा निष्काळजीपणाही आहे आणि वावेलचा थाटही आहे.

मात्र आधी एक खुलासा करणे भाग आहे. वाघ म्हणजे बकासुर नव्हे. या भूमीतल्या माणसांनी त्याला कधी तसे मानले नाही. ताडोबा हे नावच मुळी तारू अथवा तारोबा या देवाचे. परंपरा सांगते की तारू हा एका गावाचा प्रमुख होता; वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि तलावाच्या काठी, झाडाखाली त्याचे ठाणे झाले. वाघाने मारलेल्या माणसाला देव केले, पण वाघाच्या वंशाचा उच्छेद करण्याची शपथ कोणी घेतली नाही. वाघदेवालाही शेंदूर लावून शिवेवर बसवले. शहरी सुशिक्षिताला यात केवळ भोळी श्रद्धा दिसते. वास्तविक तो एक व्यवहार होता. कोणत्या नाल्याकडे उन्हाळ्यात फिरकायचे नाही, रानात एकट्याने केव्हा जायचे नाही, कोणत्या दिवशी रान मोकळे सोडायचे, याचे ज्ञान त्या शेंदराखाली जपलेले होते. त्या व्यवहारात माणसे मरत नव्हती असे नाही, मरतच होती. तारूच मेला होता. परंतु त्या मरणाची दखल गावाने घेतली होती आणि पुढे कसे वागायचे ते गावानेच ठरवले होते.

चंद्रपूरच्या परकोटाच्या दारांवर गोंड राजांचे राजचिन्ह आजही पाहायला मिळते. जटपुरा दरवाजातून दररोज हजारो माणसे ये-जा करतात, पण मान वर करून पाहणारे थोडे. हत्तीला पायाखाली नमवणारा सिंह, असे ते शिल्प आहे. ज्याने कोणी ते कोरवून घेतले त्याला हत्ती आणि वनराज यांच्यातले नाते नीट ठाऊक असावे. या शिल्पाची आठवण पुढे एका हत्तीच्या निमित्ताने होणार आहे.

इंग्रजी अमदानीत वाघ सरकारदफ्तरी शत्रू ठरला आणि त्याच्या मस्तकावर बक्षीस लागले. संस्थानिकांना तर तो पराक्रमाची पदवी देणारा प्राणी होता. मध्य भारतातील सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघ सांगितले जातात. हत्तीच्या हौद्यात बसून, शेकडो हाकाऱ्यांकडून रान उठवून मारलेल्या या वाघांपैकी किती वाघांनी कोणा रयतेला त्रास दिला होता, याचा हिशेब कोणीही ठेवला नाही. शिकारी मंडळींतच एक गोष्ट विनोदाने सांगत. एखाद्या बड्या लाटसाहेबाने वाघ मारला की संस्थानचे लोक तो मोजण्यासाठी एक खास फीत काढीत. तिच्यातला फूट अकरा इंचांचा असे. म्हणजे साहेबाचा वाघ आपोआप लांब होई. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातली मनोवृत्ती मात्र खरी आहे, आणि संस्थाने विलीन झाली म्हणून ती विलीन झालेली नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो जमाना संपवला आणि ते योग्यच झाले. पुढच्या वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ पासूनचे. अंधारी अभयारण्य १९८६ चे. दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजे संख्या २००६ च्या गणनेत १०३ होती, ती २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ झाली. यातील फार मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा आहे, आणि तोही केवळ ताडोब्याच्या हद्दीतला नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, नागभीड या भागात धानाची बांधी संपते तेथे रान सुरू होते आणि रान संपते तेथे पुन्हा बांधी. अशा चिरफाळलेल्या जंगलात वाघाची नवी पिढी वाढली. गडचिरोलीत ज्याचे दर्शन दुर्मीळ झाले होते तो वाघ वडसा-आरमोरीकडे परत आला. शासनाने या आकड्यांच्या अभिमानाने जाहिराती दिल्या. प्रश्न उभा राहिला तेव्हा मात्र आकड्यांचा अभिमान बाळगणारे सारे कागदपत्र गोळा करू लागले.

या प्रश्नाला शासनाने कसे तोंड दिले याचा सर्वांत बोलका प्रयोग चंद्रपुरात झाला नाही. वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात झाला. तरी त्यातले वनमंत्री चंद्रपूरचे होते आणि एक हत्तीही चंद्रपूरचा होता, म्हणून त्याची हकीकत येथे सविस्तर सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

पांढरकवडा आणि राळेगाव भागात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसे वाघाच्या हल्ल्यांत मरण पावली. त्यांतील बहुतेकांचा ठपका एका वाघिणीवर आला. वनखात्याच्या कागदावर ती ‘टी-१’ होती. शहरातील प्राणिप्रेमींनी तिला ‘अवनी’ हे सुंदर नाव दिले. ज्यांच्या शेतातून ती जात होती त्या गावांत तिला नाव नव्हते. तेथे ती नुसती वाघीण होती. तिला दोन बछडे होते. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत आणि तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयांनी वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आदेश असा होता की आधी तिला भूल देऊन पकडण्याचा प्रयत्न करावा, आणि ते अशक्यच ठरले तर मारावे.

मग सुरू झाली मोहीम. शंभरावर स्वयंचलित कॅमेरे झाडांना बांधले गेले. आमिषाची जनावरे जागोजागी उभी केली. मचाणे बांधली. सशस्त्र पथके फिरू लागली. उष्णता टिपणारे ड्रोन आले. इंजिनावर उडणारे पॅराग्लायडर आणले गेले. म्हणजे आकाशात घरघर करीत एक माणूस उडणार आणि खाली झुडपांत दबा धरलेली, दोन पिलांची आई तो पाहायला मोकळ्यावर येणार, अशी काहीशी कल्पना असावी! हैदराबादहून नवाब शफाअत अली खान यांना पाचारण करण्यात आले. लोकशाहीत संस्थाने गेली तरी वाघाच्या कामी नवाबच लागतो, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. एका नावाजलेल्या गोल्फपटूची केन कोर्सो जातीची दोन इटालियन कुत्रीही या रानात दाखल झाली. त्याच गोल्फपटूला त्या वर्षाच्या डिसेंबरात उत्तर प्रदेशातील कतर्नियाघाटात शिकारीच्या आरोपावरून अटक झाली, ही पुढची गोष्ट.

आणि अत्तर! कॅल्विन क्लाइन नावाच्या परदेशी कंपनीचे पुरुषांसाठीचे ‘ऑब्सेशन’ हे अत्तर रानात शिंपडण्याची योजना झाली. मार्जारवर्गातल्या प्राण्यांना त्यातील कस्तुरीसारख्या वासाचे आकर्षण वाटते, असे परदेशांतील प्राणिसंग्रहालयांत दिसून आले होते. शास्त्रीय दृष्ट्या ही कल्पना अगदीच टाकाऊ होती असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या गावात तीन महिन्यांचे रेशन एकदम भरायला पैसा नसतो, त्या गावाच्या शिवेवर हजारोंच्या किमतीच्या अत्तराचा फवारा मारला जातो, हे दृश्य कोणत्याही प्रहसनकाराला सुचले नसते. एकचक्रेच्या बाळाच्या हातात निदान गवताची काडी होती. ती फुकट मिळते.

हत्तींची कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वाघिणीला घेरण्यासाठी मध्य प्रदेशातून चार आणि ताडोब्याहून एक असे पाच हत्ती आणण्यात आले. ताडोब्याच्या हत्तीचे नाव गजराज. ३ ऑक्टोबर २०१८ च्या पहाटे गजराजाने साखळी तोडली आणि तो रान सोडून गावांच्या दिशेने निघाला. चाहांद गावात त्याने एका स्त्रीला चिरडून ठार केले आणि पुढे पोहण्याकडे आणखी एकाला जखमी केले. मध्य प्रदेशाचे हत्ती परत गेले. वाघिणीपासून गावाला वाचवण्यासाठी सरकारने जो प्राणी आणला त्याने गावातल्या बाईचा जीव घेतला. त्या बाईचे नाव तेरा जणांच्या यादीत नाही, कारण ती यादी वाघिणीची आहे. मोहिमेच्या यादीत ते कोणी घातले काय? जटपुरा दरवाजावरच्या त्या मुक्या हत्तीने या प्रकरणात शासनापेक्षा अधिक शहाणपण दाखवले असते.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ वाघीण मारली गेली. गोळी नवाबांच्या चिरंजीवांनी, असगर अली खान यांनी झाडली. भूल देण्याचा प्रयत्न झाला, वाघीण अंगावर धावून आली आणि स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे सांगण्यात आले. शवविच्छेदनाने आणि नंतर राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने या कथनावर गंभीर शंका उपस्थित केल्या. पथकाबरोबर पशुवैद्य नव्हता, नियमावलीचे पालन झाले नव्हते, असे निष्पन्न झाले. दिल्लीतून केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी याला खून म्हटले आणि वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांचा राजीनामा मागितला. वनमंत्र्यांनी उलट कुपोषणाने मरणाऱ्या बालकांचा प्रश्न त्यांच्या खात्याच्या दारात नेऊन ठेवला. एकाच पक्षाच्या दोन मंत्र्यांनी एकमेकांना बालमृत्यू आणि वाघमृत्यू यांचा जाब विचारला आणि दोघांपैकी कोणीही कोणत्याही मृत्यूचे उत्तर दिले नाही.

मुंबई-पुण्यात मेणबत्त्या लागल्या. राळेगावकडच्या गावांत फटाके फुटले, पेढे वाटले गेले. या दोन दृश्यांमधले अंतर मोजण्याचे काम खरे तर पक्षाच्या कार्यकर्त्याचे होते. मेणबत्ती लावणाऱ्याची करुणा खोटी नव्हती, आणि फटाके उडवणाराही क्रूर नव्हता. दोन वर्षे तो दिवस मावळण्याच्या आत शेतातून घरी पळत आला होता. पण शहराच्या करुणेतही एक प्रकारचा राजेशाही अहंकार होता. तिला वाघिणीला नाव द्यायला सुचले. मेलेल्या तेरा जणांपैकी एकाचे तरी नाव विचारायला सुचले नाही.

याच्याशी चंद्रपूर आणि गडचिरोलीतील दोन मोहिमा ताडून पाहाव्यात. राजुरा तालुक्यात ‘आरटी-१’ या वाघाने जानेवारी २०१९ पासून आठ माणसे मारली होती. २७ ऑक्टोबर २०२० रोजी त्याला जिवंत पकडण्यात आले. ‘सीटी-१’ या वाघाच्या नावावर वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या तीन भागांत मिळून तेरा माणसे होती. म्हणजे आकडा यवतमाळच्या वाघिणीइतकाच. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनक्षेत्रात त्याला भुलीची सुई लागली आणि तो नागपूरला गोरेवाड्याला रवाना झाला. या दोन्ही वेळी नवाब आले नाहीत, अत्तर आले नाही. खात्याचीच माणसे होती: पगाच्या खुणा ओळखणारे वनरक्षक, रोजंदारीवरचे वनमजूर, ताडोब्याच्या शीघ्र कृती दलाचे लोक, पशुवैद्य. महिनोन् महिने त्यांनी नाले पालथे घातले. उशीर फार झाला, आणि त्या उशिरात माणसे मेली, हा आक्षेप खराच आहे. परंतु काम झाले ते या लोकांच्या चिकाटीने झाले. मेणबत्त्या लागल्या नाहीत, फारसे फटाकेही फुटले नाहीत, म्हणून ही नावे महाराष्ट्राच्या लक्षातही नाहीत. क्राकोवच्या जोडे शिवणाऱ्या पोराचे निदान गाणे तरी झाले असेल. वडशाच्या वनमजुराला रोजंदारीतून कायम करण्याचा अर्जही वर्षानुवर्षे फायलीत राहतो.

राजाच्या दरबारात मध्यंतरी आणखी कल्पना निघत होत्या. २०२० मध्ये चंद्रपुरातील पन्नास वाघ दुसरीकडे नेऊन सोडण्याचा विचार झाला. वाघांच्या नसबंदीचीही चर्चा झाली. आणीबाणीतील नसबंदीच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही चर्चा वाचून काय वाटले असेल ते सांगायला नको. लोकसंख्येची चूक ही नेहमी दुसऱ्याचीच असते. पन्नास वाघ काही हलले नाहीत. पुढे मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ताडोब्याची ‘झीनत’ ओडिशातील सिमलीपालला गेली. त्या जंगलातील वाघांचे रक्त एकाच कुळात फिरू लागले होते, त्यामुळे बाहेरची वाघीण आणण्यामागे शास्त्रीय कारण होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु झीनतला ते कारण कोणी समजावून सांगितले नसावे. डिसेंबरात ती सिमलीपाल सोडून झारखंडात शिरली, तेथून पश्चिम बंगालात गेली आणि तीन राज्यांची वनखाती तिच्यामागे आमिषे घेऊन तीन आठवडे धावली. २९ डिसेंबर रोजी बांकुडा जिल्ह्यात तिला भूल देण्यात आली. जंगलाला नकाशावरची रेघ समजणाऱ्यांना एका वाघिणीने शिकवलेला हा भूगोलाचा पाठ होय.

सर्वांवर कळस चढला तो डिसेंबर २०२५ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत. प्रश्न त्या वेळी मुख्यतः पुणे, नाशिक, अहिल्यानगर या भागांतील बिबट्यांचा होता. शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात निंदणीला जात होत्या. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसला पट्टा एकविसाव्या शतकात शेतकरणीच्या गळ्यात आला होता. त्या वेळी राज्याच्या वनमंत्र्यांनी हिशेब मांडला तो असा: बिबट्याच्या हल्ल्यात चार माणसे मेली तर प्रत्येकी पंचवीस लाखांप्रमाणे एक कोटीची भरपाई द्यावी लागते, त्याऐवजी एक कोटीच्या बकऱ्या जंगलात सोडल्या तर बिबटे गावाकडे येणारच नाहीत.

हा बकासुराचा गाडा नव्हे तर दुसरे काय आहे? फरक असलाच तर एवढाच की, एकचक्रेचा गाडा गावाने भीतीपोटी भरला होता आणि हा गाडा राजाने स्वतः, अर्थसंकल्पातून भरायला काढला. रेड्यांच्या जागी बकऱ्या आल्या. हिशेबात माणसाची किंमतही बकऱ्यांतच मोजली गेली: पंचवीस लाखांच्या बकऱ्या बरोबर एक माणूस. मंत्रिमहोदयांचा हेतू कदाचित चांगला असेल. ज्या मुखातून हा हिशेब निघाला त्या मुखाला तो हास्यास्पद वाटला नाही, हीच खरी चिंतेची बाब.

साऱ्याच युक्त्या हसण्यासारख्या असतात असे मात्र नाही. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात १९८६ च्या सुमारास मध गोळा करणाऱ्या आणि लाकूडतोड्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे लावायला दिले होते, कारण वाघ पाठीमागून हल्ला करतो. विजेचा धक्का देणारी मातीची माणसेही उभी केली होती. मुखवट्यांनी काही काळ काम केले, नंतर वाघ त्यांनाही ओळखू लागले असे सांगतात. ही युक्ती साधी होती, स्वस्त होती आणि मुख्य म्हणजे रानात जाणाऱ्या माणसाच्या कामाकडे पाहून काढलेली होती. माणूस रानात का जातो, केव्हा जातो, कसा वाकतो, याचा विचार तिच्यात होता.

हाच विचार चंद्रपूर-गडचिरोलीत करायला हवा. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातील मेंढा-माल येथे एकाच दिवशी तीन बायांना वाघाने मारले. त्या तेंदूपत्ता तोडायला गेल्या होत्या. मे महिना म्हणजे तेंदूचा हंगाम; जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. सत्तर पानांचा एक पुडा. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर शेकड्याच्या भावाने पैसे. पान कोवळे हवे, म्हणून उजाडण्यापूर्वी निघायचे. झुडूप कमरेएवढे, म्हणून दिवसभर वाकायचे. जवळचे रान तोडून झालेले असते, म्हणून दरवर्षी थोडे अधिक आत जायचे. वाकलेला माणूस वाघाच्या डोळ्यांना माणूस दिसत नाही, चौपायी सावज दिसते, हे वनखातेच आपल्या फलकांवर सांगते. त्याच्याच दोन महिने आधी मोहफुले वेचण्याचा हंगाम असतो. तेही काम पहाटेचे आणि वाकण्याचेच. फलक वाचून पोट भरत नाही. या पंधरा दिवसांच्या पैशावर पेरणीचे बियाणे, पोरांच्या वह्या आणि सावकाराचे व्याज अवलंबून असते.

एकचक्रेत पाळी घराघरावर येत होती. श्रीमंतावरही आली असती. येथे पाळीत श्रीमंत नाहीत. तेंदूपत्त्याचा ठेकेदार त्यात नाही, मोहाच्या दारूचा व्यापारी नाही, जिप्सी गाडीत बसून वाघाचे छायाचित्र घेणारा पर्यटक तर नाहीच. पाळीत आहेत त्या पानवाल्या बाया, गुराखी, धानाची राखण करणारे, आणि खात्याची खालची माणसे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात वाघांच्या खुणांची पाहणी करताना एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारले. तीही याच पाळीत होती. शासन पंचवीस लाख देते, आणि ते दिलेच पाहिजेत, वेळेवर दिले पाहिजेत. पण ज्या बाईला पहाटे रानात जायची गरज पडू नये अशी तजवीज कोणत्याही लेखाशीर्षाखाली नाही.

दुसरीकडे रानाचाच घास घेणे चालूच आहे. ताडोब्याच्या उंबरठ्यावर लोहारा येथे कोळशाची खाण काढण्याचा घाट चंद्रपूरकरांनी आंदोलन करून परतवला. २००९ मध्ये ती बाजूला पडली. चिमूरकडचा बंदर कोळसापट्टा वाघांच्या वाटेवरचा. तो २०२० मध्ये लिलावात निघाला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला गेला. दरवेळी ओरड करावी लागते, आणि सूरजागडसारख्या ठिकाणी ओरड करूनही खाण झालीच. राजाला सर्पाची भीती वाटते आणि राजाच सर्पाची गुहा खणून काढतो, असे क्राकोवच्या दंतकथेत नाही. तेवढी मौलिकता येथली.

या साऱ्यात एक गाव वेगळे वागले, त्याची हकीकत कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घ्यावी. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. पाचगावाला ते २०१२ मध्ये, हजारावर हेक्टर रानावर मिळाले. ग्रामसभेने बसून नियम केले. बांबू गावाने स्वतः तोडायचा, स्वतः विकायचा, मजुरी गावातच राहायची. एक भाग देवाच्या नावाने अस्पर्श ठेवायचा. आणि तेंदूपत्ता? तेंदूच्या कोवळ्या पानांसाठी झुडपे छाटावी लागतात, रानाला आगी लावल्या जातात आणि तेंदूची फळे खाणाऱ्या जनावरांच्या तोंडचा घास जातो, असा विचार करून ग्रामसभेने तेंदू तोडणेच बंद केले. कोणा साहेबाने तसे सांगितले नव्हते. वाघाच्या भीतीने हा निर्णय झाला असेही नाही. पण मे महिन्यातल्या पहाटे कमरेत वाकून खोल रानात शिरण्याची त्या गावच्या बायांची पाळी त्यामुळे सुटली.

बांबूचे उत्पन्न हाती होते म्हणून पाचगावाला तेंदू सोडता आला, हे विसरून चालणार नाही. ज्या गावांचे दावे उपविभागीय समितीच्या कपाटात पडून आहेत, ज्यांच्या रानाची मालकी वनविकास महामंडळाकडे आहे, त्यांना हा पर्याय नाही. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल, आरमोरी आणि वडसा या तालुक्यांतील अशा गावांची गावनिहाय यादी करायची आहे: दावा केव्हा टाकला, कोठे अडला, तेंदूवर किती कुटुंबे आहेत, गेल्या पाच वर्षांत वाघाने किती माणसे मारली आणि भरपाई किती महिन्यांनी आली. वनखात्याच्या वर्तुळ कार्यालयात आणि तहसिलीत हे आकडे वेगवेगळ्या टेबलांवर आहेत. ते एका कागदावर आणायला पुढचा तेंदू हंगाम सुरू होण्यापूर्वीचे दिवस हाती आहेत.